तांदळातलं नाव

माबेला, मस्कत
२५ सप्टेंबर २०१३

सौ. कल्पना वन्सं यांस,

खुशाली परवाच फोनवर झाली, ती पुन्हा लिहीत नाही. पत्र अशासाठी, की फोनवर मी कामाचं बोलायला लागले की तुम्ही "बघते, बघते" म्हणता आणि लगेच तुमच्या दादांचा खोकला कसा आहे ते विचारता. कागद निदान समोर पडून राहील आणि तुम्हाला टोचेल. आमच्या बिल्डिंगमधले सिराजभाई दाभोळला तीन-साडेतीन महिन्यांच्या मोठ्या सुट्टीवर निघालेत, त्यांच्याबरोबर हे पाठवतेय. ते चिपळूणला पोस्टात टाकतील.

मी कॉलेजात नाव घातलंय. हसून झालं की पुढे वाचा.

अझैब्याला एक कम्युनिटी कॉलेज आहे. संध्याकाळचे वर्ग, दोन वर्षांचा डिप्लोमा, आणि विषय घेतलाय इतिहास. पूर्वा म्हणते, "आई, हिस्ट्री? बट व्हाय?" तिला काय सांगू? बारावीला इतिहासात मला एक्याऐंशी गुण होते. त्यानंतर एकोणीस वर्षं मी कुठल्या सालाचा उपयोग केला असेल तर तो गॅसचं सिलेंडर कधी बदललं ते लक्षात ठेवायला. आमच्या वर्गात अकरा जण आहेत, त्यात सगळ्यात म्हातारी मी. संध्याकाळी शेअर टॅक्सीने मी रुसैलपर्यंत येते, तुमचे दादा कंपनीतून सुटून तिथून मला गाडीत घेतात आणि अझैब्याला सोडतात. मग दोन तास गाडीतच झोपतात. एका शब्दाने कुरकुरत नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

आता काम. कॉलेजला माझं बारावीचं गुणपत्रक दिलं. त्यावर नाव कु. रेवा धनंजय साळवी. पासपोर्टवर नाव शीला उल्हास घाग. रजिस्ट्रारच्या खिडकीत सादिक नावाचा माणूस बसतो. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "सिस्टर, सरनेम बदला, समझ गया. शादी हुई. लेकिन पहला नाम कैसे बदला?" मी त्याला सांगितलं, आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. आणि घरात रेवा नावाची नणंद होती, म्हणून मला शीला केलं. त्याने अगदी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "अच्छा. तो वो चावल का कोई पेपर है?"

मला तात्पुरता प्रवेश दिलाय. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा मुलखातला शिक्क्याचा कागद पाच जानेवारीपर्यंत दाखवला तर सहा तारखेच्या परीक्षेला बसू देतील. नवरा साक्षीदार चालत नाही. सासूबाई गेल्या, भटजी गेले, माझे आईवडील गेले. तेव्हा तिथे हजर असलेलं आणि देवरूखच्या कचेरीपर्यंत चालत जाऊ शकणारं माणूस तुम्हीच. प्रतिज्ञापत्र करून पाठवा. दोन ओळींचं काम आहे.

शीला


देवरूख
१६ ऑक्टोबर २०१३

सौ. वहिनीस,

पत्र पोचलं. हसून झालं, रडायचंही बाकी ठेवलं नाही. पूर्वाने कॉलेजात जायचं तर तूच दप्तर घेऊन निघालीस होय? बरं आहे. मायलेकी एकाच बाकावर बसा.

वहिनी, तू तिथे उंटांच्या देशात बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. दोन ओळींचं काम म्हणे! इथे भात कापणीला आलंय, माणसं मिळत नाहीत, तुझ्या नणंदोयांचा गुडघा सुजलाय. आणि सरकारी काम नि सहा महिने थांब, हे तुला ठाऊक नाही का? शिवाय मला कळत नाही, याचा एवढा बाऊ कशाला. एकोणीस वर्षं तू शीला आहेस. रेशनकार्डावर शीला, पासपोर्टावर शीला, लोकांच्या तोंडी शीला. ते जुनं उकरून काढायची काय गरज? त्या माणसाला सांग, नाव बदलणं आमच्याकडची रीत आहे, खलास. तुमच्या तिकडे खलास म्हटलं की सगळं संपतं असं दादा सांगतो.

अगदीच अडलं तर तुझ्या शाळेतून दाखला माग, नाहीतर लग्नाचा आल्बम दाखव. इथला आल्बम मी शोधला, सापडला नाही.

दादाला म्हणावं खोकल्याला ज्येष्ठमध चघळ.

कल्पना


माबेला
२ नोव्हेंबर २०१३

सौ. वन्संस,

उद्या लक्ष्मीपूजन. इकडे चकलीचा सोऱ्या धुऊन ठेवलाय आणि मी पीठ भिजवायच्या ऐवजी तुम्हाला लिहीत बसलेय, यावरून काय ते समजा.

शाळेला विचारा म्हणता. शाळा फक्त रेवा साळवीला ओळखते. मस्कत फक्त शीला घागला ओळखतं. या दोघींना एका ठिकाणी, एका अंगात पाहिलेलं माणूस तुम्ही. लग्नपत्रिका माझ्याकडे आहे, पण तीत 'चि. सौ. कां. रेवा' आहे. पत्रिका छापली तेव्हा शीला जन्मालाच आली नव्हती. पासपोर्टच्या वेळी ह्यांनी रेशनकार्डावरून शीला लिहून टाकलं. तेव्हा माझ्या गुणपत्रकाची कुणाला आठवणही नव्हती, मलासुद्धा.

आल्बममधला एक फोटो माझ्याजवळ निघाला. ताट आहे, तांदूळ आहेत, ह्यांची अंगठी आहे. भिंग लावून पाहिला. अक्षरांवर नेमका तुमच्या दादांचा पंजा! बाजूला सासूबाई उभ्या आहेत, आणि तुम्ही मागे खांबाला टेकून दुसरीकडेच बघताय. तो फोटो मी सादिकला दाखवला. त्याने त्यावरही शिक्का आहे का ते उलटून बघितलं. मला तिथेच रडू आलं, आणि रडले म्हणून स्वतःचाच राग आला. मागे रांगेत विशीतली पोरं उभी होती.

वन्सं, मला तिथे शिकायला आवडतंय हो. शहनाज मॅडम इतिहास शिकवतात. ओमानीच आहेत, घरची भाषा बलुची, पण हिंदी आपल्यापेक्षा चांगलं. मुत्राहच्या बंदरात आपल्याकडून गलबतं काय घेऊन यायची ते त्या सांगत होत्या. मी उठून म्हटलं, आमच्या रत्नागिरीकडूनही येत असतील. तर त्या म्हणाल्या, "असतील हा पुरावा नाही. शोधून आणा." मी शोधून आणलं. एकोणीस वर्षांत कुणी मला काही शोधून आण म्हटलं असेल तर ती गाडीची किल्ली.

त्यांनी सत्राचा निबंध दिलाय. आपल्या घरातली एक घटना घ्यायची, ज्यांनी ती पाहिली त्यांच्या साक्षी घ्यायच्या, आणि साक्षी जुळल्या नाहीत तर का जुळल्या नाहीत ते लिहायचं. मी माझं नाव बदललं तीच घटना घेतलीय. तेव्हा प्रतिज्ञापत्राबरोबर एवढंही कळवा: शीला हे नाव ठरवलं कुणी?

तुमची सबब भातकापणीची होती. आता कापणी झाली असेल.

शीला


देवरूख
२४ नोव्हेंबर २०१३

सौ. वहिनीस,

कापणीही झाली, झोडणीही झाली आणि मी तुझ्यासाठी कचेरीतही जाऊन आले. आता ऐक.

तिथला कारकून म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?" म्हटलं, मी मुलीची नणंद. "नाव?" म्हटलं, कल्पना रमण चाळके. तर म्हणतो, "पण अर्जात लिहिलंय की नणंदेचं नाव रेवा म्हणून सुनेचं बदललं. मग ती रेवा कुठाय?" म्हटलं, मीच ती. माझ्या लग्नात माझंही बदललं. तर म्हणतो, "मग आधी तुम्ही रेवा होतात याचा कागद आणा, नंतर वहिनीचं बघू." बाहेर बसलेली सगळी माणसं हसली. पन्नाशीकडे झुकलेली बाई मी, गावात कुणी मला कधी हसलं नव्हतं. मी उठून घरी आले.

आता माझ्याकडे कुठला कागद असणार? नववीतून घरी बसवलेल्या मुलीचा कसला कागद?

आणि नाव ठरवलं आईने नि भटजींनी. भटजींनी पंचांगात बघून 'श' काढला. तेवढं लिही तुझ्या निबंधात. मेलेल्या माणसांबद्दल जास्त उकरू नये.

तुझं म्हणणं मला कळतं. पण एका परीक्षेसाठी एवढा जीव काढू नये. पुढच्या वर्षी बस.

कल्पना


माबेला
१० डिसेंबर २०१३

वन्सं,

"पुढच्या वर्षी बस." हे वाक्य मी तीनदा वाचलं. लग्नाच्या वेळी बाबांनी हेच सांगितलं होतं, की बीए काय, पुढच्या वर्षी सासरहून कर. पूर्वा झाली तेव्हा ह्यांनी म्हटलं, पुढच्या वर्षी. ती शाळेत गेली तेव्हा मीच म्हटलं. आता तुमची पाळी.

घरातही हेच. परवा रुसैलच्या वळणावर दीड तास गाड्या अडकल्या, वर्ग बुडाला, तर तुमचे दादा म्हणतात, "कागद नाहीच मिळत तर राहू दे ना, उगीच दगदग." आधीच उल्हास, त्यात ही सबब! मी गाडीतून उतरून चालायला लागले. हायवेच्या कडेने, चपलांत. अर्ध्या किलोमीटरवर त्यांनी मला गाठलं आणि तेव्हापासून बिचारे गप्प आहेत.

पण ते गप्प व्हायच्या आधी मी त्यांची साक्ष घेतली. वन्सं, त्यांची साक्ष तुमच्याशी जुळत नाही. ते म्हणतात, आईला नाव बदलायचंच नव्हतं. ती म्हणत होती, राहू दे दोघी रेवा, हाक मारायला काहीतरी काढू. लग्नाच्या दोन दिवस आधी घरात काहीतरी रडारड झाली आणि मग नाव बदलायचं ठरलं. ते मांडवाच्या कामात होते, त्यांना पुढचं ठाऊक नाही. पंचांग नंतर उघडलं म्हणे.

आता मला सांगा, कोण रडलं?

आणि हे निबंधासाठी विचारत नाही. पंधरा दिवस मी रोज कॉलेजातून येते, सादिक मला बघून मान हलवतो, "बुकरा, इन्शाल्ला" म्हणतो, म्हणजे उद्या बघू, आणि तुम्ही तिकडून मला गुडघा, भात आणि कारकून पाठवता. नववीचा कागद नाही म्हणता, पण शाळेचं रजिस्टर असतं. ते गावातच आहे. तुम्हाला सगळ्या तालुक्याची वाट माहीत, शाळेचीच कशी माहीत नाही? तुम्हाला हे करायचंच नाहीये. का ते एकदा लिहा. नाही लिहिलंत तर मी पुन्हा मागणार नाही, आणि पुन्हा पत्रही लिहिणार नाही.

शीला


देवरूख
३० डिसेंबर २०१३

वहिनी,

प्रतिज्ञापत्र सोबत आहे. आधी ते नीट ठेव, मग पुढचं वाच. रागात फाडलंस तर पुन्हा करायला मला जमणार नाही.

शाळेत गेले होते. मुख्याध्यापक पोरगेलासा आहे, त्याने जुनं रजिस्टर काढून दिलं. रेवा घाग, इयत्ता नववी. शाळा सोडल्याचं कारण: घरकाम. दादाला रत्नागिरीला आयटीआयला ठेवलं, म्हशी बघायला कोणी नव्हतं, म्हणून मला काढली. ते मला ठाऊकच होतं, पण कुणीतरी शाईने लिहून ठेवलंय हे ठाऊक नव्हतं. त्या पोराने मला पाणी दिलं.

मी रडले, वहिनी. तुझ्या लग्नाआधी दोन दिवस जेवले नाही.

आईला तू फार आवडली होतीस. येईल त्याला सांगायची, सून बारावी शिकलेली आहे, इतिहासात पहिली. मी विहिरीवरून कळशी घेऊन येत होते आणि ती मावशीला सांगत होती, "दोघी रेवा झाल्या तर काय बिघडलं? शिकलेली रेवा नि घरची रेवा म्हणू." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला वाटलं, आता जन्मभर मला 'घरची' म्हणूनच हाक मारणार. मी कळशी तिथेच आपटली. म्हटलं, या घरात एकच रेवा राहील, नाहीतर मी विहिरीत जाते. शीला नावही मीच सुचवलं, कारण 'श' आल्यावर तेच पहिलं तोंडात आलं. शोधायचेही कष्ट घेतले नाहीत मी.

म्हणून फोटोत मी दुसरीकडे बघतेय. तुझ्याकडे बघवत नव्हतं. तू ताटातलं नाव वाचलंस आणि चांगलंय म्हणून हसलीस. तेव्हापासून मी तुला वहिनी म्हणते. तुला वाटत असेल मान देते. वहिनी म्हटलं की ते नाव घ्यावं लागत नाही.

आणि ते नाव मला पुरलं किती? दोन वर्षं. चाळक्यांच्या घरात कुणी रेवा नव्हती, तरी माझ्यापुढे ताट आलं. सासूबाईंना कल्पना हे नाव आवडायचं, एवढंच. मी तोंडातून ब्र काढला नाही. कुठल्या तोंडाने काढणार होते?

कचेरीबाहेरचा स्टॅम्पवाला म्हणाला, नाव बदलण्याचं कारण 'प्रथेप्रमाणे' असं लिहितो, सगळे तेच लिहितात. मी म्हटलं, नाही. लिही, घरातील मुलीने, म्हणजे मी स्वतः, हट्ट केल्यामुळे. त्याने दोनदा विचारलं, मग लिहिलं. खाली सही केली, कल्पना, आणि कंसात पूर्वीची रेवा.

कल्पना

ता. क. ३ जानेवारी. हे पत्र लिहून चार दिवस झाले. रोज पोस्टापर्यंत जाऊन परत येत होते. आज टाकते. तुझी तारीख पाच आहे हे मला माहीत आहे.


माबेला
२९ जानेवारी २०१४

वन्सं,

तुमचं रजिस्टर्ड पत्र सोळा तारखेला मिळालं. परीक्षा सहाला होती.

सहाला मी गेले होते. कागद नाही हे माहीत असून गेले, साडी नेसून गेले. सादिकने यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "सिस्टर, मैं क्या करूँ, सिस्टम में दो औरतें हैं। एक ने बारहवीं किया है, दूसरी ने फीस भरा है।" दार लावलं. दाराच्या काचेतून मला फळा दिसत होता. तीन प्रश्न होते, तिन्ही मला येत होते. पोर्तुगीज मस्कतला का आले, का टिकले, का गेले. मी तीन तास बाहेरच्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात तिन्ही लिहून काढले. तुमचे दादा मला घ्यायला आले तेव्हा त्यांनी पेपर कसा गेला असं विचारलं नाही. हातात उसाच्या रसाचा ग्लास दिला. तो मी त्यांच्या अंगावर ओतला नाही, ही माझी सहनशक्ती.

मग तुमचा कागद आला. मी तो खिडकीत नेऊन दिला. पाचला नुसता दाखवून भागलं असतं, बाकी सगळं नंतर. आता भाषांतर, शिक्के, पुन्हा शिक्के. परवा सादिकने सांगितलं की दोन बायका आता एक झाल्या आहेत. मुबारक हो. पण हे सत्र गेलं ते गेलं. सप्टेंबरपासून पुन्हा पहिलं सत्र, पहिल्या धड्यापासून. जे मला पाठ आहे तेच पुन्हा. चार दिवस, वन्सं! तीसला लिहिलेलं पत्र तीसलाच सिराजभाईंच्या दाभोळच्या घरी पाठवलं असतंत, तर हातात पडलं असतं; ते सुट्टी संपवून चारला विमानात बसले आणि पाचला सकाळी माझ्या दारात होते. मी तुमचं सगळं पत्र समजू शकते, पण त्या चार दिवसांचं काय करायचं ते मला समजत नाही. एकदा तुम्ही माझं नाव काढून घेतलंत तेव्हा विशीतल्या होतात. या वेळी नव्हतात.

हे लिहायचं होतं म्हणून तेरा दिवस पत्र लिहिलं नाही. लिहिलं. आता पुढचं.

निबंध मी तरीही दिला. यादीत नाव नाही म्हणून गुण मिळणार नव्हते. शहनाज मॅडमनी तो वाचला. मी तीन पानं लिहिली होती. सासूबाईंचं म्हणणं, ह्यांची साक्ष, तुमचं पहिलं खोटं, दुसरं खरं, रजिस्टर, फोटो, प्रतिज्ञापत्र. सगळं क्रमाने. एकही तारीख चुकली नव्हती. मॅडमनी शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलं, घटना नीट मांडली आहे, पण त्या मुलीने असं का केलं हे तुम्ही टाळलं आहे. मी म्हटलं, लिहिलंय की, मत्सर. त्या म्हणाल्या, "ये तो गाली हुई, वजह नहीं।"

मी पानं घरी आणली. रागाने आठ दिवस हात लावला नाही. मग काल पूर्वा शाळेला आणि हे कंपनीत गेल्यावर बसले. त्या साली त्या घरात काय कुणाचं होतं ते कागदावर मांडलं. घर सासऱ्यांचं. जमीन त्यांची नि भावांची. म्हशी सासूबाईंच्या शब्दात. आयटीआय ह्यांचं. शाळा कुणाचीच नाही, ती काढून घेतलेली. शिक्षण माझं, मी बरोबर घेऊन येणार होते. मग तुमच्या रकान्यात काय लिहायचं? मी एकच वाक्य लिहिलं. त्या घरात त्या मुलीचं स्वतःचं असं नाव तेवढं होतं, आणि तेही मी घेऊन येत होते.

संध्याकाळी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, आता हा इतिहास झाला. सप्टेंबरात हाच निबंध पुन्हा द्या, गुण देईन.

राग अजून आहे, वन्सं. गेला की कळवीन.

शीला